चेहरा किती दिसावा?

गेल्या डिसेंबरात एका मित्राच्या गाण्याच्या चित्रीकरणासाठी मी ठाण्यात उपवन तलावाकाठी दोन संध्याकाळ उभा होतो. गाणे विरहाचे आहे. निघून गेलेल्या व्यक्तीशी मनातल्या मनात चाललेले बोलणे. पहिल्या संध्याकाळी आम्ही एलईडी पॅनल कॅमेऱ्याला खेटूनच, गायकाच्या अगदी समोर लावला. डोळे, दात, शर्टाची इस्त्री, सगळे लख्ख उजळले. आणि घरी येऊन पाहिले, तर विरहाने व्याकूळ झालेला माणूस बातम्या वाचत असल्यासारखा दिसत होता. समोरून पडणारा सपाट प्रकाश सावल्या पुसतो, आणि सावल्या गेल्या की त्या चेहऱ्याने मनात काही दडवले असेल, असे प्रेक्षकाला वाटतच नाही.

दुसऱ्या दिवशी पॅनल पिशवीतून काढलाच नाही. चहाच्या टपरीवरच्या पिवळ्या बल्बकडे पाठ करून गायकाला उभे केले. केसांना आणि खांद्यांना उजेडाची बारीक कड आली, चेहरा बहुतांशी अंधारात राहिला. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणता उजेड पांढरा धरायचा हे ठरवणारी सोय, ३२०० केल्विनवर, पिवळ्या दिव्यांच्या बाजूला ठेवल्यामुळे सूर्यास्तानंतरचे मुळातच निळसर असलेले आकाश आणखी गडद निळे झाले. टपरीची ऊब पाठीमागे आणि समोर गार पडत चाललेला तलाव, एवढ्यावरच गाण्याचा अर्थ पहिल्या ओळीआधी पोहोचला. हा निळेपणा आपल्याकडे जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे टिकतो आणि गाणे चार मिनिटांचे, त्यामुळे तीनच टेक मिळाले.

अशा वेळी मला १९५९ सालच्या 'कागज के फूल'मधले 'वक्त ने किया' आठवते. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी स्टुडिओबाहेरचे ऊन आरशांनी परावर्तित करून आत आणले, कारण दिव्याचा झोत पसरत जातो, तर उन्हाचे किरण जवळजवळ समांतर राहतात. त्या गाण्यात नायक-नायिका दोघांचेही ओठ हलत नाहीत. त्यांच्यामधली रिकामी जागा मात्र त्या झोताने भरलेली असते, आणि मला तरी ते अंतर हेच गाण्यातले तिसरे पात्र वाटते. आज संगणकावर असा झोत सहज काढता येतो, पण बहुतेक वेळा तो कशासाठी आहे, हे काढणाऱ्यालाच ठाऊक नसते.

आमचे पहिले संकलन पाहून मित्राची आई म्हणाली, "एवढा खर्च केलात, आणि माझ्या पोराचं तोंडच दिसत नाही!" तक्रार रास्त होती. शेवटच्या कडव्यात तो त्या व्यक्तीला सोडून स्वतःशी बोलू लागतो, तेथे तरी चेहरा दिसायलाच हवा होता. सुदैवाने तिसऱ्या टेकमध्ये त्या कडव्यापुरता मी त्याच्यासमोर, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, थर्माकोलचा पांढरा पत्रा धरून बसलो होतो आणि बल्बचा उजेड त्यावरून उलटून हळुवारपणे त्याच्या गालावर पडला होता. तेच कडवे आम्ही घेतले. डास चावत होते, हात भरून आला होता, त्यामुळे तो उजेड किंचित थरथरतो. पाहणाऱ्यांना ते तलावाच्या पाण्याचे प्रतिबिंब वाटते, आणि मित्राने मला ते कोणाला सांगू दिलेले नाही.