ऑटो-पे आणि वर्गणीची वही

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. त्यासाठीचा रस गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. शुक्रवारी रात्री पाव किलो काळ्या मनुका धुऊन भिजत घालायच्या, वर चार बोटं पाणी राहील अशा. शनिवारी सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर ठेवायच्या. मनुका फुगून सालं फुटायला लागली की गॅस बंद. गार झाल्यावर हातानं कुस्करून मलमलच्या फडक्यातून पिळायच्या. मिक्सर अजिबात नाही, बिया भरडल्या की रस तुरट होतो. साखर चिमूटभरसुद्धा नाही. बाटलीवर ‘चर्च’ अशी चिठ्ठी चिकटवून ती फ्रिजमध्ये मागच्या बाजूला, कारण आमच्या घरातल्या नातवंडांना चिठ्ठी नसलेलं सगळं सरबतच वाटतं.

वसईकडची एक कॅथलिक मैत्रीण एकदा आमच्याकडे उपासनेला आली होती. तिनं विचारलं, तुमच्यात वाईन का नसते? आमचे मेथडिस्ट लोक, म्हणजे एका प्रॉटेस्टंट पंथाचे, दारूबाबत पहिल्यापासून कडक. अमेरिकेत थॉमस वेल्च नावाचे एक मेथडिस्ट दंतवैद्य होते. प्रभुभोजनाला आंबलेला द्राक्षरस नको म्हणून त्यांनी १८६९ मध्ये रस गरम करून बाटलीत टिकवायची युक्ती काढली. त्यातूनच पुढं बाटलीबंद द्राक्षरसाचा मोठा धंदा उभा राहिला. आमच्याकडे मनुका.

हा सगळा कर्मठपणा आहे असं मलाही तरुणपणी वाटायचं. मी नर्स. आयुष्यभर वॉर्डात माणसं पाहिली. दारू सोडताना हात कसे थरथरतात, रात्री माणूस भिंतीवरच्या किड्यांशी कसा बोलतो, हे जवळून पाहिलेलं आहे. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, एक रिक्षावाले दादा आहेत. नाव लिहीत नाही, हे वाचणारे निम्मे आमचेच आहेत. त्यांची दारू सुटून थोडेच महिने झाले होते. उपासनेला यायचे, मागच्या बाकावर बसायचे, प्रभुभोजनाला मात्र उठायचे नाहीत. आम्हाला वाटलं, अपराधी वाटत असेल. एका रविवारी त्यांनी मला दाराबाहेर चपलांपाशी गाठलं आणि हळूच विचारलं, “सिस्टर, त्यात तसलं काही नाही ना?”

“मनुका आणि पाणी,” मी म्हटलं. “मीच उकळलंय.”

त्या दिवशी ते वेदीपुढच्या रेलिंगपाशी गुडघे टेकायला आले. मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली प्रभुभोजनाबद्दल म्हणत की ते फक्त सुधारलेल्यांसाठी नाही, तिथं येऊन माणूस बदलूही शकतो. मी ते वाचलेलं होतं, पटलेलंही होतं. पण त्या पेल्यात काय आहे याची काळजी कुणीतरी आधीच्या शुक्रवारपासून घ्यावी लागते, हे मला दादांच्या प्रश्नामुळं कळलं. आमच्या फाटकावर ‘सर्वांचे स्वागत असो’ अशी पाटी आहे. तशी पाटी प्रत्येक चर्चवर असते. रंगवणाऱ्याला एकदा पैसे दिले की झालं.

मी मूळची नगरची, चर्च ऑफ नॉर्थ इंडियातली, म्हणजे सीएनआयची. लग्नानंतर पुण्यात आले. ड्यूटीच्या वेळा सांभाळून पायी जाता येईल असं चर्च म्हणजे ही मेथडिस्ट मंडळी, म्हणून इथं यायला लागले. धर्मशास्त्र वगैरे काही कारण नव्हतं. माहेरचे विचारायचे, आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय गं? २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात अनेक मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय झाली. अमेरिकन मिशनमधून वाढलेली मेथडिस्ट मंडळी त्यात गेली नाही. १९८१ मध्ये ती मेथडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून स्वायत्त झाली. माहेरच्यांना एवढं सांगितलं की त्यांचं समाधान व्हायचं. गाणी बहुतेक तीच, रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं तीच, पेटी-तबला तोच. रविवारच्या शब्बाथशाळेत मुलं दंगा करतात तोही तसाच.

फरक मला पुढं कळला, तो वर्गणीमुळं. आमच्याकडे एक जाड वही आहे. त्यात भागवार घरं लिहिलेली. खडकी, दापोडी, पिंपरी, येरवडा. प्रत्येक भागाला एक माणूस. तो महिन्यातून एकदा त्या घरांना जातो, वर्गणी घेतो, सही करतो. माझ्याकडे दापोडी आणि पिंपरीचा थोडा भाग. माझ्या आधी ज्या मावशींकडे हा भाग होता, त्या मला पहिल्यांदा बरोबर घेऊन गेल्या तेव्हा मी वैतागले होते. एका घरात चाळीस मिनिटं! पन्नास रुपयांसाठी! गुडघेदुखी, सुनेचं बाळंतपण, मुलाची नोकरी, मग एक स्तोत्र, मग प्रार्थना, मग चहा. पैशाचा विषय मावशी जिना उतरायच्या बेतात असताना काढायच्या. एका घरी तो काढलाच नाही. वहीत मात्र त्या नावापुढं रक्कम लिहिली. मी विचारलं, तर म्हणाल्या, “त्याचं काम सुटलंय. माझ्याकडचे घातले. तू बोलू नकोस कुणाला.”

नंतर कळलं की मावशी जे करत होत्या त्याला जवळजवळ तीनशे वर्षांचा इतिहास आहे. इंग्लंडात ब्रिस्टल इथं वेस्लींच्या लोकांनी सभागृह बांधलं आणि कर्ज झालं. १७४२ च्या फेब्रुवारीत ते कसं फेडायचं यावर बैठक बसली. कॅप्टन फॉय नावाचे गृहस्थ म्हणाले, प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणीतरी म्हणालं, पुष्कळजण गरीब आहेत, त्यांना तेवढंही झेपणार नाही. त्यावर फॉय म्हणाले, मग सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन. देता आलं तर घेईन, नाही आलं तर त्यांचे मी भरीन. बाकीच्यांनीही तसंच केलं. आणि पेनी गोळा करायला घरोघर गेलेल्या या लोकांना कोण आजारी आहे, कोण बायकोशी भांडतो, कुणाची श्रद्धा डळमळली आहे, सगळं दिसायला लागलं. वेस्लींनी ताबडतोब ओळखलं की आपल्याला हवं होतं ते हेच. मेथडिस्टांची ‘क्लास मीटिंग’ अशी कर्जातून जन्माला आली. बाराएक माणसांचा गट, त्याचा एक पुढारी. पुढं कितीतरी गटांच्या पुढारी बायका होत्या. त्या काळात! गटात यायला अट एकच, पापापासून सुटायची इच्छा असावी. आधी चांगले व्हा, मग या, असं नाही.

आपल्याकडेही सुरुवात अशीच झाली. १८७१ च्या अखेरीस विल्यम टेलर हे अमेरिकन प्रचारक मुंबईत आले. सभांमधून जे लोक पुढं आले त्यांचे त्यांनी लहान लहान गट केले, आणि ते लोकांच्या घरी जमायचे. टेलरांचा हट्ट होता की या मंडळ्यांनी अमेरिकेच्या पैशावर नाही, स्वतःच्या वर्गणीवर उभं राहायचं. त्याच दशकात इथं पुण्यात, सर्व्हे खात्यात काम करणारा बेंगळुरूचा एक तरुण मेथडिस्टांच्या सभेला गेला आणि तिथलाच झाला. विल्यम ओल्डम त्याचं नाव. १८८५ मध्ये त्यानं सिंगापूरला मेथडिस्ट काम सुरू केलं आणि पुढच्या वर्षी शाळा काढली. पुण्यातल्या एका सभेला आलेला परका माणूस कुठवर पोचेल, हे त्या दिवशी सभेत बसलेल्या कुणाला ठाऊक असणार?

आमच्यात पाळकांच्या, म्हणजे पास्टरांच्या, बदल्या होतात. वार्षिक कॉन्फरन्स झाली, बिशपसाहेबांनी नेमणुका वाचल्या की नवीन साहेब येतात, जुने टेम्पोत सामान भरतात. काही पाळक असे येतात की दारात नुसते उभे राहिले तरी लोकांना बरं वाटतं. काहींना दर रविवारी नावं पुन्हा सांगावी लागतात. म्हणून ‘आमची मंडळी प्रेमळ आहे’ हे पाळकांच्या भरवशावर म्हणता येत नाही. साहेब गेले तरी वही जागेवर असते.

आता इतकं चांगलं लिहिलंय तर दुसरी बाजूही लिहायला हवी. आमच्याकडे डावीकडचा तिसरा बाक एका कुटुंबाचा आहे. कागदावर नाही, पण आहे. एकदा एक नवं जोडपं लहान मुलाला घेऊन तिथं बसलं. बाकाची ‘मालकीण’ आली आणि गोड आवाजात म्हणाली, “ही आमची जागा हं, तुम्ही पंख्याखाली बसा ना.” दुसरं कुणी हे ऐकलं नसेल, मी ऐकलं. वेस्लींच्या सभागृहांत कुणालाही हक्काची जागा नसे, आधी येईल तो आधी बसेल. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात तर हाच प्रसंग आहे, सोन्याच्या अंगठीवाल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्याला पायापाशी. त्या जोडप्याच्या घरी मी दोनदा गेले. चहा झाला, गप्पा झाल्या. आता ते दुसऱ्या एका नव्या मंडळीत जातात. तिथं एसी आहे म्हणे. एसीचं कारण मी खरं मानायचं ठरवलंय.

आणि दुसरा आमच्या लोकांचा लाडका प्रश्न, “मूळचे कुठले?” गाव सांगितलं की आडनाव. आडनावानं समाधान झालं नाही की “म्हणजे कुणापैकी?” बाप्तिस्म्याचं पाणी पणजोबांच्या डोक्यावरून ओघळलं, आम्ही अजून जातच मोजत बसलोय. ही चौकशी बहुधा प्रेमानंच केली जाते, लग्नाच्या मुलामुलींसाठी तर हमखास. तरी नव्या माणसाचा चेहरा त्या क्षणी कसा मिटतो ते मी पाहिलंय. हल्ली मी मध्येच तोंड घालते आणि “जेवून जाणार ना?” असं मोठ्यानं विचारते. तेवढ्यानं विषय बदलतो, सवय बदलत नाही.

हंगामाच्या सणाला, पिकाबद्दल देवाचे आभार मानतात त्या दिवशी, मात्र कुणी कुणाला काही विचारत नाही, कारण सगळे ओरडत असतात. भोपळे, पपया, शेवग्याच्या शेंगा, कुणाची कोंबडी, कुणाचा केक, सगळ्याचा लिलाव. गेल्या वेळी एक अंडं घेणारा प्रत्येकजण ते पुन्हा अर्पण करत गेला आणि त्या एका अंड्यानं पंख्याच्या दुरुस्तीचा खर्च निघाला. रिक्षावाल्या दादांनी त्यावर शेवटची बोली लावली आणि घरी जाताना ते खिशात फोडून घेतलं. त्यांची बायको अजून ऐकवते.

आता क्यूआर कोडची गोष्ट. आमचे खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला चोख. त्यांनी चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीत मांडलं की वही बंद करावी. दाराशी क्यूआर लावू, ज्यांना हवं ते ऑटो-पे करतील, पैसे महिन्याच्या एक तारखेला आपोआप जमा. तरुण मंडळी खूश. खरं सांगायचं तर माझेही गुडघे खूश. पिंपरीच्या तिसऱ्या मजल्यांना लिफ्ट नसते.

पहिल्या काही महिन्यांत वर्गणी खरंच वाढली. माझ्या यादीत पिंपरीचा एक मुलगा आहे, विदर्भातून नोकरीला आलेला, रात्रपाळीवाला. त्याचे पैसे एक तारखेला पडायचे, त्यामुळं मी तिकडं जायचं सोडलं होतं. रविवारी दिसत नव्हता, पण रात्रपाळी, झोपला असेल. एका शनिवारी त्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्यांकडे गेले होते म्हणून त्याचीही बेल वाजवली. दार उघडायला त्याला वेळ लागला. डोळे हळदीसारखे पिवळे. मी नर्स, मला तपासणीची गरज नव्हती. कावीळ. जवळजवळ तीन आठवडे तो एकटा खोलीत होता. रूममेट गावी गेलेला, डबा बंद केलेला, आईला सांगितलं नव्हतं कारण ती घाबरेल. त्या महिन्याची वर्गणीही वेळेवर आलेली होती.

त्याच दिवशी त्याला दवाखान्यात नेलं. मग स्त्रीमंडळातल्या बायकांनी पाळ्या लावून मऊ भात आणि भाज्यांचं सूप पोचवलं. एकीनं तुपाची फोडणी घातली म्हणून मी तिला फोनवर झापलं. दादांनी रिक्षा दिली आणि तपासणीच्या खेपांचे पैसे घेतले नाहीत. मुलगा आता बरा आहे.

पुढच्या कमिटीत मी हे सांगितलं. खजिनदार थोडे गोरेमोरे झाले. म्हणाले, “मग ऑटो-पे बंद करायचं का, सिस्टर?”

“छे, पैसे वेळेवर येतात, येऊ द्या,” मी म्हटलं. “पण प्रत्येक नावापुढं महिन्यातून एकदा सही पाहिजे, आणि ती घरी जाऊन केलेली पाहिजे.”

पाळकसाहेब नवीन आहेत. त्यांनी विचारलं, मग त्या सहीला रजिस्टरमध्ये काय म्हणायचं? बरीच चर्चा झाली. शेवटी खजिनदारांनीच वहीत एक नवा रकाना आखला आणि त्यावर लिहिलं, ‘भेटलो’. दापोडीच्या दोन बिल्डिंगा तूर्त त्यांच्याकडे दिल्यात.