मागणी नक्की कोणाची?

मूळचा मी भूलतज्ज्ञ. गेली काही वर्षे मिरजेतील एका रुग्णालयात कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्णांच्या वेदना आटोक्यात ठेवण्याचे, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचे काम पाहतो. या कामात ‘आता मला सोडवा’ हे शब्द इतक्या वेळा कानावर येतात की, त्यावरचे एक ठरीव उत्तर आम्हा सर्वांकडे तयार असते: वेदना थांबवा, मागणी आपोआप थांबेल. बहुतेक वेळा ते खरेही ठरते. ज्या दिवसाबद्दल मी लिहितो आहे, त्या दिवशी मात्र ते अपुरे पडले.

आप्पा पलूस तालुक्यातील कृष्णाकाठच्या एका गावचे जैन शेतकरी होते. सत्तरी ओलांडलेली, अन्ननलिकेचा कर्करोग यकृतात आणि मणक्यात पसरलेला, नाकातून पोटात नळी. पहिल्यांदा आणले तेव्हा मणक्याच्या वेदनेमुळे त्यांना पाठ टेकता येत नव्हती आणि तपासणाऱ्या प्रत्येकाला ते हात जोडून एकच सांगत होते, “एक सुई द्या आणि मोकळं करा.” आम्ही मॉर्फिनच्या गोळ्या दर चार तासांनी, कुटून, नळीतून सुरू केल्या, सोबत पोट साफ राहण्याचे औषध दिले आणि मणक्यावर ८ ग्रे इतक्या मात्रेचे रेडिएशन एकाच बैठकीत देऊन घेतले. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून रुग्णालयाला मॉर्फिन बाळगणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. तरी ‘याची सवय लागेल’ ही भीती अजून नातेवाइकांना वाटते, आणि खरे सांगायचे तर पुष्कळ डॉक्टरांनाही वाटते.

त्या दिवशी सकाळी राऊंडला गेलो, तेव्हा आप्पा उशीला टेकून बसले होते. दुखणे दहापैकी दोनवर आले होते आणि रात्री झोप लागली होती. त्यांच्या मुलाने मला आधीच दाराबाहेर गाठून नेहमीची विनंती केली होती, “डॉक्टर, आप्पांना काय झालंय ते सांगू नका, धीर सोडतील.” रिपोर्टची पिशवी त्याच्याच काखेत होती. आमच्याकडे ती नेहमी मुलाच्या, जावयाच्या नाहीतर पुतण्याच्या काखेत असते.

आप्पांनी मुलाला चहाला पाठवले आणि मला बसायला सांगितले. “दुखायचं थांबलंय. तवा आता सांगतो ते दुखण्यापायी सांगत न्हाई. मला क्यान्सर हाय, ते नळी घातली त्याच दिवशी कळलं. पोराला वाटतं मला ठाऊक न्हाई. म्हणून मी पण गप.” मग त्यांनी तीन गोष्टी मागितल्या. नाकातली नळी काढायची. घरी सोडायचे आणि काही झाले तरी परत आयसीयूत आणायचे नाही. आणि जमत असेल तर ती सुई.

पहिल्या दोन गोष्टींबाबत माझ्या मनात गोंधळ नव्हता. शुद्धीवर असलेल्या, समजून बोलणाऱ्या प्रौढ माणसाला कोणताही उपचार नाकारता येतो. डॉक्टरांची मंडळे आणि कागदपत्रे यांचा प्रश्न येतो तो त्याला बोलता येईनासे झाल्यावर. अरुणा शानबाग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये निष्क्रिय दयामरणाची, म्हणजे जगवणारे उपचार थांबवून मृत्यू येऊ देण्याची, वाट उघडली, पण उच्च न्यायालयाच्या परवानगीची अट घालून. ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या २१व्या अनुच्छेदात मानला आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे पुढे बोलता येईनासे झाल्यास कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सोपी केली, त्यामुळे आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घेता येते. शुद्ध हरपल्यावर घरच्यांवर दडपण येऊ नये म्हणून आप्पांनी असे इच्छापत्र करावे, असे मी त्यांना सुचवले.

सुईला मात्र मी नकार दिला. ते कृत्य आपल्या कायद्याने गुन्हा आहे, हे त्यांना सांगितले. ते त्यांना माहीत होते. त्यांनी विचारले, “नळी काढली तरी मी मरणारच. मग सुईत आणि त्यात फरक काय?” हा प्रश्न नीतिशास्त्राच्या वर्गातही विचारला जातो आणि तिथल्यापेक्षा खाटेजवळ त्याचे उत्तर देणे कठीण जाते. नळी काढल्यावर आजार आपल्या गतीने चालतो आणि माणसाला मन बदलायला वेळ राहतो. सुईनंतर तो राहत नाही. हा फरक मला पटतो, पण त्याला जितके वजन आमचे सहकारी देतात तितके मी देऊ शकत नाही.

मी सल्लेखनेचा, म्हणजे अन्नपाणी हळूहळू सोडून मरण स्वीकारण्याच्या जैन व्रताचा, विषय काढला, कारण त्यांच्या आजीने ती घेतल्याचे ते बोलले होते. १९५५ साली कुंथलगिरीला आचार्य शांतिसागर महाराजांनी घेतलेली सल्लेखना या भागातील जैन घरांतून आजही आदराने सांगितली जाते. २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने ही प्रथा आत्महत्येत जमा केली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात त्या निकालाला स्थगिती दिली होती. आप्पांनी मान हलवली. “त्यात मरणाची इच्छा धरणं हाच दोष. बस्तीत (जैन मंदिरात) लहानपणापासून ऐकलंय. माझी तर इच्छा हाय, मी कंटाळलोय. मी त्या वाटेचा न्हाई. धर्माचं नाव कशाला लावू?” इतका स्पष्ट हिशेब मी कोणत्याही परिसंवादात ऐकलेला नाही.

मुलगा परत आल्यावर त्याच्यासमोर हे सगळे पुन्हा बोललो. रोगाचे नाव त्या घरात प्रथमच मोठ्याने उच्चारले गेले. मुलाचा विरोध नळीला होता: “लोक म्हणतील, बापाला उपाशी मारलं.” या अवस्थेत शरीर भूक फारशी मागत नाही, उलट नळीतून घातलेले अन्न छातीत उतरण्याचा धोका असतो, हे समजावण्यात बराच वेळ गेला. शेवटी आप्पाच म्हणाले, “लोकांना माझ्याकडं पाठवून दे.”

याच वॉर्डात, पलीकडच्या खाटेवर, जत तालुक्यातल्या एक बाई होत्या. गर्भाशयमुखाचा कर्करोग, मूत्रपिंडे निकामी होत आलेली. त्यांना घरच्यांनी ‘पोटात सूज आहे’ एवढेच सांगितले होते आणि त्या मला विचारत होत्या की, लेकीच्या बाळंतपणापर्यंत घरी जाता येईल ना. दुपारी त्यांचे जावई ओपीडीत आले. खाली मान घालून म्हणाले, “सर, लई हाल चाललेत त्यांचे. काही देऊन मोकळं करता येतं का?” हे गृहस्थ दुष्ट नव्हते. महात्मा फुले योजनेतून केमो, रेडिएशन होते. सोबत राहणाऱ्याची बुडालेली मजुरी कोणी भरून देत नाही आणि त्यांची मजुरी बुडत होती. पण एकाच दिवशी, एकाच वॉर्डात, जवळजवळ त्याच शब्दांत माझ्याकडे आलेल्या दोन मागण्यांपैकी एक मरणाऱ्याची होती आणि दुसरी नव्हती.

आप्पा घरी गेले. आमची नर्स दर आठवड्याला जात असे. मॉर्फिन शेवटपर्यंत चालू राहिले, तोंड ओल्या कापसाने पुसणे सुनेने शिकून घेतले. त्यांनी नर्सकडे सुईची मागणी पुन्हा एकदा केली आणि मी फोनवरून पुन्हा नकार कळवला. त्यांचा मृत्यू झोपेत झाला.

माझ्या हाताखाली शिकणाऱ्या एका डॉक्टरने नंतर विचारले की, कायद्याने परवानगी असती तर मी आप्पांना औषध दिले असते का. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात १९९७ पासून असा कायदा आहे. सहा महिन्यांच्या आत मृत्यू अपेक्षित असलेला रुग्ण स्वतः मागणी करतो, दोन डॉक्टर खात्री करून घेतात आणि औषध तो स्वतःच्या हाताने घेतो. घेऊन ठेवलेल्यांपैकी अनेक जण ते कधीच वापरत नाहीत. तसा कायदा असता तर आप्पांना मी ‘हो’ म्हटले असते, असे मी त्याला सांगितले. पण त्या कायद्याची पहिली पायरीच ही आहे की, रुग्णाला त्याचा आजार आणि उरलेला काळ त्याच्या स्वतःच्या कानांनी ऐकवला गेला पाहिजे. आमच्या ओपीडीत निम्म्याहून अधिक वेळा ती पायरीच गाळली जाते आणि गाळणाऱ्यांत आम्ही डॉक्टरही असतो. म्हणून सांगलीत आज असा कायदा येऊ नये, असे माझे मत आहे. त्यावर तो म्हणाला, “म्हणजे जतच्या बाईंसाठी आप्पांनी थांबायचं?” मी होकार दिला. ते उत्तर त्याला पटले नाही, आणि आप्पांनाही पटले नसते.