पाच वर्षांचा व्हिसा आणि नव्वद दिवसांच्या विहीणबाई

आमचे जावई जर्मन. त्यांची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, गेल्या हिवाळ्यात नाशिकला आमच्याकडे राहायला आल्या. दिवाळी हुकली होती, पण संक्रांतीचे पतंग, हळदीकुंकू आणि मुख्य म्हणजे द्राक्षांचा तोडा बघून 5 मार्चला परत जायचं, असा बेत होता. हातात पाच वर्षांचा ई-टुरिस्ट व्हिसा. अर्ज त्यांनी घरबसल्या केला, मंजुरी आली, मुंबईला उतरल्या, बोटांचे ठसे दिले, शिक्का घेतला आणि कसारा घाटातून पहाटे इंदिरानगरला आल्या. इथपर्यंत सगळं लोण्यासारखं.

पुढे जे झालं त्यात निम्मी चूक माझी आहे, हे आधीच कबूल करतो. उरलेल्या निम्म्याबद्दल मात्र मी अजून धुसफुसतोय.

परदेशी पाहुणा घरी उतरला की 24 तासांच्या आत त्याची माहिती कळवावी लागते; तेव्हा त्या अर्जाला सी फॉर्म म्हणत. हे फक्त हॉटेलवाल्यांना आहे असं बहुतेकांना वाटतं, मलाही वाटत होतं. घरमालकालाही ते आहे. ऑनलाइन भरायला बसलो तर आधी घराची नोंदणी करून लॉगिन घ्यायचं, आणि ते मंजूर झालं की मगच फॉर्म. मंजुरी काही येईना. नियम 24 तासांचा, माझे 30 तास उलटलेले. म्हणून कागदांची पिशवी घेऊन संबंधित कार्यालयात गेलो. नाव घेत नाही.

खिडकीवरच्या साहेबांनी व्हिसाचा कागद वरून खाली बघितला आणि म्हणाले, "काका, 2029 पर्यंत आहे की! किती दिवस राहणार?"

"साडेतीन-पावणेचार महिने."

"मग 180 दिवसांच्या आत आहे ना? काही लागत नाही. बिनधास्त जा. सी फॉर्म तेवढा भरा."

मी बिनधास्त आलो. त्याच संध्याकाळी लॉगिन आलं, फॉर्म भरला, विषय मिटला. घरी येऊन सांगितलं, 180 दिवस चालतात. मेहुण्यानेही दुजोरा दिला, कारण त्याची अमेरिकन पासपोर्टवाली पुतणी पाच महिने राहून गेली होती. विहीणबाई काहीतरी बोलायला गेल्या आणि थांबल्या. सरकारी माणसाने सांगितलंय म्हटल्यावर जर्मन बाई गप्प बसली.

20 जानेवारीला सकाळी पोह्यांच्या वेळी त्यांनी प्लास्टिकच्या फोल्डरमधून छापील कागद काढून माझ्यापुढे ठेवला. ई-व्हिसाच्या सरकारी संकेतस्थळावरच्या सूचना. एका ओळीवर पिवळी रेघ, येण्याआधीच मारलेली. एक आणि पाच वर्षांच्या ई-टुरिस्ट व्हिसावर एका खेपेला सलग 90 दिवस राहता येतं. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि जपानच्या नागरिकांना 180. जर्मनी त्या चारांत नाही. त्यांनी हळूच विचारलं, "हा नियम बदलला आहे का?"

मी बँकेत छत्तीस वर्षं काढली आहेत. मुदत ठेवींचे दिवस बोटांवर मोजलेला माणूस मी. भिंतीवरचं कालनिर्णय काढलं आणि पेन्सिलीने चौकटी मोजायला लागलो. शिक्का 14 नोव्हेंबरचा. तो पहिला दिवस धरला तर 20 जानेवारी हा अडुसष्टावा. नव्वदावा दिवस 11 फेब्रुवारी. 5 मार्च म्हणजे एकशे बारावा. माझा चहा तसाच राहिला.

मला पटलं ते असं. एटीएम कार्डावर मुदत पाच वर्षांची छापलेली असते, पण म्हणून एका दिवसात खातं रिकामं करता येत नाही. दिवसाची मर्यादा वेगळी असते. व्हिसाची तारीख म्हणजे कार्डाची मुदत, तेवढ्या काळात दारातून आत येता येतं. आत आल्यावर किती दिवस टेकायचं, हा हिशेब निराळा, आणि तो प्रत्येक खेपेला शिक्क्यापासून सुरू होतो. गंमत म्हणजे मी मुलीकडे गेलो होतो तेव्हा माझ्याच युरोपच्या (शेंगेन) व्हिसाच्या स्टिकरवर दोन तारखा वेगळ्या आणि राहण्याच्या दिवसांचा आकडा वेगळा छापलेला होता. तेव्हा मी तो आकडा पाठ केला होता. आपल्या देशाच्या व्हिसाच्या बाबतीत मात्र खिडकीवर विश्वास ठेवला.

पुन्हा त्याच कार्यालयात. साहेब मीटिंगमध्ये. बाकड्यावर मी, एक आफ्रिकन विद्यार्थी आणि त्याचा घरमालक. साडेदहाला बसलो, पाऊण वाजता साहेब आले, दीडला जेवायला गेले. अडीचनंतर आमचा नंबर.

"मुदत वाढवून मिळेल का?"

"ई-व्हिसाला मुदतवाढ नाही काका. दुसऱ्या व्हिसात बदलूनही मिळत नाही."

"पण तुम्हीच 180 म्हणाला होतात."

"ते नोंदणीचं. मुक्काम 180 दिवसांच्या आत असेल तर पाहुण्याची इथे नोंदणी करावी लागत नाही. किती राहता येतं हे तुम्ही विचारलंच नव्हतं."

माणूस शब्दशः खरं बोलत होता, याचा मला जास्त राग आला. सी फॉर्म एक, नोंदणी दुसरी, मुक्कामाची मर्यादा तिसरी. मी तिन्ही एका प्रश्नात कोंबून विचारलं आणि त्यांनी त्यातल्या एकाचं उत्तर दिलं. पण समोरच्या म्हाताऱ्याला "नव्वद दिवस बघा हं" एवढे चार शब्द सांगायला काय जात होतं? 2029 दिसलं तसं "जर्मनी"ही दिसलंच असेल की.

तुम्ही गेलात तर प्रश्न सुटा विचारा: या देशाच्या पासपोर्टवर, या व्हिसावर, सलग किती दिवस? आणि उत्तर काहीही आलं तरी संकेतस्थळावर जाऊन बघा.

तिकिटाचंही सांगतो. एजंटने 11 तारखेच्या रात्रीचं विमान सुचवलं, म्हणाला, नव्वद पूर्ण वसूल. मी वेळ विचारली. रात्री 1.25. अहो, रात्रीचे 1.25 म्हणजे 12 तारीख! मुंबईहून युरोपला जाणारी बरीचशी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, तिथे हा एक दिवस हमखास फसवतो. उतरतानाही तेच: विहीणबाईंचं विमान 13 ला रात्री पावणेबाराला टेकलं, पण शिक्का 14 चा. मोजायचं शिक्क्यावरून. मी 10 फेब्रुवारीचं दुपारचं विमान घेतलं. भाड्यातला फरक आणि तिकीट बदलण्याचा दंड मिळून तेवीस हजार गेले. ते मी भरले. विहीणबाई देत होत्या, पण 180 दिवस सांगणारा मी होतो.

मेहुण्याची सूचना होती की त्यांना नेपाळला फिरवून आणा, नवे नव्वद सुरू होतील. बाहेर जाऊन परत येता येतं, व्हिसा अनेक प्रवेशांचा असतो. पण ई-व्हिसावर आत यायला ठरावीकच ठिकाणं आहेत, कुठल्याही नाक्यावरून गाडी आत घेता येत नाही. शिवाय त्या स्वतःच नाही म्हणाल्या.

तीस दिवसांच्या ई-व्हिसाची तर उलटी तऱ्हा. त्यावर छापलेली शेवटची तारीख ही आत येण्याची असते, राहण्याची नाही. तीस दिवस उतरल्यापासून मोजतात. ती तारीख बघून घाबरून लवकर परत गेलेले लोकही असतील.

आता कायदाही बदललाय. 1946 चा परकीय नागरिक कायदा जाऊन 1 सप्टेंबर 2025 पासून नवा लागू झाला, आणि 1 ऑक्टोबरपासून परदेशी पाहुण्यांना विमानतळावरच्या कागदी कार्डाऐवजी ई-अरायव्हल कार्ड प्रवासाआधी ऑनलाइन भरता येतं. जुन्या अनुभवावर, माझ्यासुद्धा, विसंबू नका.

द्राक्षं मिळाली. 8 फेब्रुवारीला दिंडोरीकडच्या एका ओळखीच्या बागेत गेलो. तोडा नुकताच सुरू झाला होता. विहीणबाईंनी बायकांबरोबर उभं राहून कात्रीने घड कापले, देठाला धरून, मण्यांना हात न लावता, कारण मण्यांवरची पांढरी लव पुसली की मालाचा भाव उतरतो. एक पेटी त्यांनी मुंबईला निघताना हट्टाने गाडीत घेतली, ती घाट उतरेपर्यंत आम्ही संपवली.

त्याच व्हिसावर त्या या नोव्हेंबरात पुन्हा येतायत. मागच्या आठवड्यात तारखा कळवल्या. मी काही बोलायच्या आत मुलगी म्हणाली, "बाबा, त्यांनी मोजलेत. सत्त्याऐंशी."