एलवरून डबल एक्सएल: कपाट नव्याने लावताना

थायरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, रिपोर्ट ताळ्यावर आले, पण मधल्या काळात अंगावर चढलेलं वजन काही उतरलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, सावकाश. सासूबाई म्हणाल्या, "होईल गं कमी, आत्ताच कशाला खर्च?" पण रोज घाटकोपरहून फोर्टला ऑफिस गाठायचं तर अंगावर घालायला काहीतरी लागतंच. बारीक झाल्यावर घालू म्हणून चांगले कपडे कपाटात ठेवायचे आणि दोन सैल कुर्त्यांवर वर्ष काढायचं, हे मला करायचं नव्हतं.

सुरुवात ब्रापासून केली, कारण वरचं प्रत्येक माप तिच्यावर ठरतं. जुनी घट्ट ब्रा घालून ब्लाउजचं माप दिलं की ब्लाउज त्या ब्राच्या मापाचा होतो, आपल्या नाही. घरीच टेप घेतली. श्वास सोडून छातीच्या खालचा घेर, मग भरलेल्या भागावरचा. दोन्हींतल्या फरकावरून कप ठरतो, साधारण दर इंचाला एक. दुकानात बहुतेकदा ३६ची घट्ट झाली की ४०ची हातात देतात. पट्टा सैल, कपाचं अक्षर तेच, आणि सगळा भार खांद्यांवर. मला ३८चा पट्टा आणि मोठा कप लागला. महाग पडला, पण संध्याकाळी मान दुखायची थांबली.

मग साड्या. साडीला आपल्या वजनाचं सोयरसुतक नसतं, साडेपाच मीटर ती साडेपाच मीटरच. अडतं ते ब्लाउजपाशी. सगळे ब्लाउज पिशवीत भरून स्टेशनजवळच्या मास्टरांकडे नेले. त्यांनी एकेक उलटा केला, काखेपाशी बोटाने कापड चाचपलं आणि दोन ढीग केले. पहिल्या ढिगात मार्जिन होतं. आतली टीप उसवली की एकेका बाजूला इंचभर सुटतो. दुसऱ्या ढिगाकडे बघून म्हणाले, "छाती सोडून देईन मॅडम, पण मुंढा, म्हणजे बाही जोडतो तो घेर, अडेल. हात वर केलात की अख्खा ब्लाउज वर येईल." पहिल्या ढिगातले सुती ब्लाउज छान झाले. पैठणीवरच्या रेशमी ब्लाउजची टीप उसवली तेव्हा मात्र आतलं कापड बाहेरच्यापेक्षा गडद निघालं, आणि सुईच्या भोकांची जुनी ओळ स्पष्ट दिसायला लागली. इस्त्रीने ती जात नाही. तिथे मास्टरांनी काखेत त्याच रंगाचा जोड दिला. पदर घेतल्यावर दिसत नाही. दुसऱ्या ढिगाच्या जागी थोडे नवे ब्लाउज शिवले. अस्तराचं सुती कापड आधी भिजवून दिलं, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि वरचं कापड चुरगळतं. मार्जिन दीड इंच ठेवायला सांगितलं. वजन खाली जावो की वर, ब्लाउज हाताशी राहतो.

रेडिमेडच्या वाटेला जरा जास्तच फिरले. एका दुकानातला एक्सएल मला ढगळ, शेजारच्या दुकानातला डबल एक्सएल दंडात अडकतो. आपल्याकडे मापांचा तक्ता ज्याचा त्याचा. परदेशी मापांवर बेतलेले तक्ते आपल्या अंगाला बसत नाहीत म्हणूनच निफ्ट या फॅशनचं शिक्षण देणाऱ्या सरकारी संस्थेने इंडियासाइझ हा प्रकल्प हाती घेतला. मुंबईसह ६ शहरांत १५ ते ६५ वयोगटातल्या २५,००० जणांची थ्रीडी स्कॅनरने मापं घ्यायची अशी ती आखणी. तो तक्ता दुकानातल्या लेबलवर दिसेपर्यंत मी एकच नियम धरला: खांदा बसला तर घ्यायचं. कंबर, लांबी, बाही मास्टर बघतात. खांदा दुरुस्त करायचा म्हणजे कपडा पुन्हा शिवल्यासारखंच. आणि लिंकिंग रोडवर 'फ्री साइज' म्हणून जे विकतात ते नेमकं कोणाच्या मापाचं असतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

म्हणून कुर्त्यांसाठी कापडच घ्यायचं ठरवलं. मंगलदास मार्केट रविवारी बंद, त्यामुळे शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. पूर्वी अडीच मीटर मागायचं आणि निघायचं. आता पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारावा लागतो. ४४ इंची पन्ह्यात घेर लहान असला तर बाह्या बाजूच्या पट्टीतून निघतात. घेर वाढला की ती पट्टी पुरत नाही आणि बाह्यांसाठी वेगळं कापड लागतं. मी पावणेतीन ते तीन मीटर घेतलं. "दहा नगाचा ढीग करून द्या, भाव लावा" म्हटलं तर दुकानदार हसला, पण भाव लावला. एवढं एकदम शिवायला टाकलं नाही हं. आधी एक साधा कुर्ता शिवून घेतला, तो घालून लोकलने जाऊन आले, वरची कडी धरून उभं राहता येतंय ना ते पाहिलं आणि मग बाकीचे टाकले.

रंगांबाबत फुकटचे सल्ले पुष्कळ मिळाले: काळा घे, उभ्या रेषा घे, आडवं डिझाइन नको. मी हळदी पिवळा घेतला.

जुने कपडे बोहारणीला दिले. तिने पातेलं पुढे केलं, मी कुकर मागितला, शेवटी झाकणाच्या डब्यावर मिटलं. लेकीला होतील असे दोन कुर्ते तेवढे मागे ठेवले होते. तिने ते बघितले आणि म्हणाली, "आई, हे तर जुन्या फॅशनचे आहेत." तेही पुढच्या फेरीला जातील.

जीन्सचं मात्र अजून जमलेलं नाही. मांडीला बसते ती कमरेला लोंबते, कमरेला बसते ती गुडघ्यावरच थांबते. मास्टर म्हणतात मांडीची घ्या, कमर मी मागून आत घेतो. पगार झाला की एक घेऊन बघणार आहे, तोवर पलाझो.