सीजे-थ्रीबीचे मागचे शॉकअप: जुन्या धाटणीचेच की गॅसचे?

गाडी महिंद्राची जुनी जीप, सीजे-थ्रीबी. 80 इंची व्हीलबेस, हरिकेन पेट्रोल इंजिन, टायर 6.00-16. मागचे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, खोलून, घासून, कमान मारून (पुन्हा बाक देऊन) परत चढले. आता शॉकअप, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणारे दांडे.

आधी जुन्यांची तपासणी. कोपरा तीनदा दाबायचा, सोडायचा, गाडी एकदा वर येऊन जागेवर बसली की शॉकअप पास, ही परीक्षा कॉइल स्प्रिंगच्या गाडीला ठीक. जीपला ती फसवते. पाटे एकमेकांवर घासतात आणि ती घसटच शॉकअपचं बरंचसं काम उरकते. पाट्यांत गंज आणि चिखल घट्ट बसला असेल तर मेलेला शॉकअपसुद्धा पास होतो. या गाडीचे चारही कोपरे दाबायला टणक होते. पण खालचं कडं पिनवरून काढून हाताने ओढलं, तर मागचा डावा सायकलच्या पंपासारखा फुकट हलला. उजव्याला ओढताना जोर लागत होता, पण मध्येच बोटभर मोकळी चाल. म्हणजे तेल कमी, आत हवा.

पाटे साफ करून ग्रॅफाइट ग्रीस लावलं की घसट कमी होते आणि गाडी आवरायचं काम शॉकअपवर येतं. म्हणून शॉकअप घ्यायचे ते पाट्यांचं काम संपल्यावर. आधी आणून ठेवलेले बहुतेक वेळा चुकीच्या मापाचे निघतात. इथं तेच झालं असतं.

मापं तीन लागतात, सगळी पिनच्या मध्यापासून मध्यापर्यंत. गाडी चाकांवर उभी: 380 मिमी. चेसिस घोड्यांवर (आधाराच्या स्टँडवर), अ‍ॅक्सल लटकता: 465. तिसरं दबलेल्या अवस्थेचं, ते हिशेबाने काढलं: अ‍ॅक्सल आणि बंप रबर (चेसिसवर आपटू नये म्हणून असलेलं रबर) यांच्यात 65 मिमी मोकळे, रबर दबण्याचे 10 धरले, 380 मधून 75 गेले, उरले 305. शॉकअप पूर्ण मिटल्यावर यापेक्षा किमान 15 मिमी आखूड हवा आणि पूर्ण उघडल्यावर लटकत्या मापापेक्षा 15 मिमी लांब. म्हणजे मिटून 290 किंवा कमी, उघडून 480 किंवा जास्त.

गाडीवरून निघालेला नग उघडून 455 भरला. कमान जरा जास्तच चढली आहे, त्याचा हा परिणाम. तोच नग परत लावला असता तर खड्ड्यात चाक खाली जाताना अ‍ॅक्सलचं सगळं वजन शॉकअपच्या रॉडला लटकलं असतं. मग आधी सील जातं, नंतर कड्याचं वेल्डिंग सुटतं. उलट बाजूने, मिटायला जागा कमी पडली तर पिस्टन बुडाच्या व्हॉल्व्हवर आपटतो आणि तो नग कायमचा गेला. ‘गाडी जरा उंच दिसू दे’ ही हौस महाग पडते ती अशी.

आता तेल की गॅस. मूळ धाटणीचा शॉकअप दुहेरी नळीचा: आतल्या नळीत पिस्टन, बाहेरच्या नळीत राखीव तेल आणि त्यावर साधी हवा. बारीक, भराभर धक्के बसत राहिले की तेल आणि हवा घुसळून फेस होतो. फेस दबतो, त्यामुळे व्हॉल्व्हला पकड मिळत नाही. ऊसाच्या ट्रॉल्यांनी पन्हाळी पडलेल्या रस्त्यावर रिकाम्या जीपचा मागचा भाग नाचतो तो यामुळेच. मागे वजन कमी, अ‍ॅक्सल जड, चाक उड्या मारत राहतं. बाहेरच्या नळीत हवेऐवजी कमी दाबाचा नायट्रोजन भरला तर फेस धरायला वेळ लागतो.

गॅस रॉडला बाहेर ढकलतो, त्याचाही हिशेब करून घ्यावा. 12.5 मिमी रॉड आणि 8 बार दाब धरला तर एका नगामागे 10 किलो. पाट्यांना ते कळतही नाही. एकनळी (एकाच नळीत तेल आणि जास्त दाबाचा गॅस), 25 बारचा, 14 मिमी रॉडचा घेतला तर 39 किलो, दोन्ही मिळून 78. रिकाम्या जीपला मागून तेवढं उचललं तर आधीच टणक असलेली गाडी दगड होते. शिवाय असे बरेच नग जड गाड्यांसाठी बनलेले असतात. उघडताना इतके आवळून धरतात की पाटा पुढच्या खड्ड्याआधी परत येत नाही आणि गाडी खाली बसत बसत बंप रबरवर जाते. एकनळी बाद.

ठरलं ते असं: मागे कमी दाबाचे गॅसचे, दुहेरी नळीचे, मिटून 285, उघडून 482. पुढे इंजिनचं वजन असल्याने चाक इतकं नाचत नाही, तिथं मूळ धाटणीचे तेलाचेच. पुढे-मागे वेगळे चालतात, डावा-उजवा वेगळा कधीच नाही.

बसवताना अडलं ते पिनवर. मूळ पिन सरळ, रबर बुश थेट तिच्यावर, बाहेरून वायसर आणि स्प्लिट पिन. नव्या नगाच्या कड्यात बोल्टसाठी लोखंडी स्लीव्ह होती. ती दाबून काढली आणि जुन्या मापाचे रबर घातले. खालची डावी पिन एका बाजूने झिजली होती, ती कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर नवी करून घेतली. रबराला ग्रीस किंवा ऑइल लावू नये, फुगून फाटतं. साबणाचं पाणी पुरतं. वायसर सी-क्लॅम्पने आत दाबल्याशिवाय स्प्लिट पिनचं भोक दिसत नाही. हातोडीने ठोकलं तर पिनचं तोंड पसरतं. शेवटचं दाबणं गाडी चाकांवर उतरवून करावं, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं. आडवे पडून आलेले नग लावण्याआधी उभे धरून पाच-सहा वेळा सावकाश पूर्ण चालवावेत, मोकळी चाल जाईपर्यंत.

चाचणी वाघबीळ ते पन्हाळा आणि परत, मग उखडलेल्या रस्त्यावर दहा किलोमीटर. थांबल्या थांबल्या चारही नगांना हात लावला. शॉकअपचं काम म्हणजे हालचालीची उष्णता करणं, त्यामुळे थंड राहिलेला नग काम करत नाही असं धरावं. मागचे दोन्ही सारखेच कोमट. पुढचा उजवा थंड.

पुढच्यांवर वर खाचांची चकती दिसते, म्हणजे ते खोलता येतात. सील आणि तेल बदलून बघणार. तेल शॉकअपचंच, इंजिन ऑइल नाही. ते जाड पडतं. आणि काठोकाठ भरायचं नाही: 12.5 मिमी रॉड 190 मिमी आत गेला की 23 सीसी तेलाला बाजूला व्हायला जागा लागते. ती नसली तर नग मिटतच नाही, जोर लावला तर सील उडतं. रॉडचा क्रोम नखाला लागण्याइतका खरवडलेला निघाला तर मात्र खटाटोप सोडून नवी जोडी.