ढाक्यातील सहा आठवडे: कपड्यांच्या कारखान्यात शिकायला जाणाऱ्यांसाठी

वस्त्ररचनेच्या तिसऱ्या वर्षी प्रत्येकाने सहा आठवडे एखाद्या कारखान्यात काढावेत, असा पुण्यातील आमच्या अभ्यासक्रमाचा नियम आहे. वर्गातील बहुतेक जण बारामतीच्या टेक्स्टाइल पार्कमध्ये किंवा तिरुपूरला जातात. मी जानेवारी २०२४ च्या मध्याला ढाक्याला गेले आणि फेब्रुवारीच्या अखेरीस परतले. विषय होता कपड्यांचे नैतिक उत्पादन, म्हणजे कपडा शिवणाऱ्याला मिळणारी सुरक्षितता, वेळ आणि मजुरी. चीनच्या खालोखाल तयार कपड्यांची सर्वाधिक निर्यात करणारा देश बांगलादेश असल्यामुळे तो निवडला, असे मी प्रस्तावात लिहिले होते. खरे कारण अधिक घरगुती होते. माझी मावशी धनकवडीत घरी बसून एका साडीच्या दुकानासाठी फॉल-बिडिंग करते. साडीमागे ४० रुपये मिळतात आणि साडीला किती वेळ लागतो याची विचारणा तिला आजवर कोणी केलेली नाही. जिथे प्रत्येक शिवणीची मिनिटे मोजली जातात, तिथे मजुरी कशी ठरते हे मला पाहायचे होते.

व्हिसाच्या बाबतीत मी केलेली चूक आधी सांगते. महाविद्यालयाच्या पत्रात ‘कारखान्यातील प्रशिक्षण’ असे लिहिलेले होते आणि अर्ज मात्र मी पर्यटक म्हणून भरला होता. मुंबईतील बांगलादेशाच्या उप-उच्चायोगाने तो परत केला, हे योग्यच झाले. त्यात माझे तीन आठवडे गेले. कारखान्याकडून आमंत्रणपत्र आधी मागवावे, त्यातील कामाचे वर्णन आणि महाविद्यालयाच्या पत्रातील वर्णन शब्दशः जुळते की नाही ते पाहावे आणि मगच व्हिसाचा प्रकार ठरवावा. जुलै २०२४ नंतर दोन्ही देशांमधील येण्याजाण्याची स्थिती बदलली आहे. मी गेले तेव्हा कोलकाता ते ढाका मैत्री एक्सप्रेस चालू होती, ती त्या महिन्यात बंद पडली. त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी व्हिसा मिळतो आहे का आणि प्रवासाबाबत सरकारी सूचना काय आहेत, हे स्वतः विचारून घ्यावे. माझ्या अनुभवावर विसंबू नये.

मी पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेसने हावड्याला आणि कोलकात्याहून विमानाने ढाक्याला गेले. उड्डाण जेमतेम तासाभराचे असले, तरी जानेवारीत ढाक्यावर दाट धुके असते आणि आमचे विमान पाच तास उशिरा सुटले. मी गुरुवारी रात्री उतरले, हीही चूकच होती. शुक्रवार तिथे साप्ताहिक सुट्टीचा दिवस असतो. बँकेच्या कार्डावर परदेशातील व्यवहार चालू करून घेतलेले नव्हते, त्यामुळे दीड दिवस खोलीच्या मालकिणीने उसने दिलेल्या पैशांवर काढला. रविवारी किंवा सोमवारी पोहोचावे आणि घड्याळ अर्धा तास पुढे करावे. हा अर्धा तास क्षुल्लक वाटतो, पण कारखान्याचे फाटक आठला बंद होते.

राहण्यासाठी उत्तरा हा भाग सोयीचा आहे, कारण आशुलिया, टोंगी आणि गाझीपूर या कारखान्यांच्या पट्ट्यांकडे जाणारे रस्ते तिथूनच निघतात. शहरात जायचे असेल तेव्हा उत्तराहून मोतीझीलपर्यंत मेट्रो आहे. कारखान्याकडे मात्र मेट्रो जात नाही. आशुलियाच्या रस्त्यावर उन्नत मार्गाचे काम चालू होते आणि सकाळी त्या रस्त्यावर उभे राहिल्यावर हिंजवडीच्या वाहतुकीबद्दल पुन्हा तक्रार करायची नाही, असे मी ठरवले. मी होते तेव्हा फेब्रुवारीच्या सुरुवातीला टोंगीला विश्व इज्तेमा हा मुस्लिमांचा मोठा धार्मिक मेळावा भरला होता. लाखो लोक येतात आणि त्या दिवसांत या पट्ट्यात वेळेवर कुठेही पोहोचणे अशक्य असते, म्हणून तारखा पाहूनच मुक्काम आखावा. जेवणाचे हाल होत नाहीत. शाकाहारी माणसाने ‘निरामिष’ हा शब्द लक्षात ठेवला आणि भात, डाळ व वांग्या-बटाट्याच्या भोरत्यावर समाधान मानले की काम भागते.

जाण्यापूर्वी बंगाली भाषा आली नाही तरी बंगाली आकडे आलेच पाहिजेत. बंगालीतील चार हा इंग्रजी आठसारखा दिसतो आणि सात हा नऊसारखा. प्रत्येक लाइनच्या, म्हणजे शिवणयंत्रांच्या रांगेच्या, टोकाला एक फळा असतो आणि त्यावर तासातासाला किती नग निघाले ते खडूने लिहिले जाते. तिसऱ्या दिवशी मी फळ्यावरील ४७ हा आकडा ८९ असा वाचला, तसाच तक्त्यात भरला आणि लाइन चीफला जाऊन सांगितले की कॉलर जोडणारी आपा (म्हणजे ताई) तासाला ठरलेल्या ५५ पेक्षा कितीतरी पुढे आहे. त्यांनी आधी फळ्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. पुढचे दोन दिवस मला ‘८९’ म्हणूनच हाक मारली जात होती.

आमच्या कारखान्यात पुरुषांचे विणकापडी शर्ट शिवले जात. पहिल्या आठवड्यात मला जे दाखवले गेले, ते बहुतांशी सुरक्षिततेचे होते आणि ते खरोखर चांगले होते. जिन्यांना आगरोधक दारे होती, मशीनच्या रांगांमधील वाट पिवळ्या पट्ट्यांनी आखलेली होती आणि तिच्यावर कापडाचे एक गाठोडेही ठेवू देत नसत. सुईची नोंदवही मला विशेष आवडली. सुई मोडली की कारागीर हात वर करते, तुकडे शोधले जातात, एका कागदावर चिकटपट्टीने ते जुळवून सुई पूर्ण झाली की नाही ते पाहिले जाते, त्याखाली वेळ आणि मशीनचा क्रमांक लिहिला जातो आणि त्यानंतरच नवी सुई मिळते. टोक सापडले नाही, तर त्या मशीनभोवतालचे सगळे नग बाजूला काढून धातुशोधकातून नेतात. मी पाहिलेल्या वहीत एका पानावर अकरा सुया अशा जुळवून लावलेल्या होत्या. ही काळजी शर्ट घालणाऱ्याला टोचू नये म्हणून घेतली जाते. शिवणाऱ्या बाईच्या बोटात सुई गेली, तर त्याची नोंद दुसऱ्या, बऱ्याच पातळ वहीत होते.

एका शुक्रवारी मी ढाक्याजवळच्या सावर या ठिकाणी गेले. २४ एप्रिल २०१३ रोजी सकाळी नऊच्या सुमारास तिथली राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसे मेली. आदल्याच दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यांवरील बँक आणि दुकाने बंद ठेवली गेली, वरच्या मजल्यांवरील शिवणकामगारांना मात्र कामावर बोलावण्यात आले. तिथल्या काही कारखान्यांचे सामाजिक ऑडिट त्यापूर्वी झालेले होते. ऑडिट करणारे कामाचे तास आणि वय पाहत होते, इमारतीचे खांब पाहणे त्यांच्या कागदात नव्हते. आज तिथे मोकळी जागा आणि रस्त्याकडेला एक स्मारक आहे. तिथे जाणाऱ्यांनी कॅमेरा बॅगेत ठेवावा. आजूबाजूच्या टपऱ्यांवर बसलेल्यांमध्ये त्या दिवशी वाचलेली माणसे असू शकतात.

त्या दुर्घटनेनंतर मे २०१३ मध्ये कामगार संघटना आणि विदेशी ब्रँड यांच्यात आग व इमारत सुरक्षेचा करार झाला. पुढे २०० हून अधिक ब्रँड त्यात आले आणि १६०० हून अधिक कारखान्यांची तपासणी झाली. हा करार ब्रँडवर कायद्याने बंधनकारक होता आणि वाद झाला तर लवादाकडे जाता येत होते. संघटनांनी दोन ब्रँडविरुद्धची प्रकरणे हेगच्या स्थायी लवाद न्यायालयापर्यंत नेलीही. आमच्या कारखान्याची आगरोधक दारे भिंतीवरील नीतिमूल्यांच्या फलकांमुळे आलेली नाहीत, ती या करारामुळे आली आहेत. मजुरीबाबत मात्र असा कोणताही करार ब्रँडांवर नाही, आणि हा फरक मला पगाराच्या पावतीवर दिसला.

पुढे जाणाऱ्यांना माझा आग्रहाचा सल्ला आहे की, पहिल्या आठवड्यातच पगाराची पावती वाचायला शिकावे. नोव्हेंबर २०२३ मधील मोठ्या आंदोलनानंतर डिसेंबरपासून तिथले किमान वेतन ८,००० वरून १२,५०० टका झाले. संघटनांची मागणी २३,००० च्या आसपास होती. मी गेले तेव्हा १२,५०० टका म्हणजे आपले सुमारे ९,५०० रुपये होत. या रकमेत मूळ वेतन ६,७००, घरभाडे ३,३५०, औषधोपचार ७५०, प्रवास ४५० आणि जेवण १,२५० असे भाग आहेत. कायदा सांगतो की जादा कामाला दुप्पट दर द्यावा. ऐकायला हे उदार वाटते, पण हा दर मूळ वेतनाच्या दुप्पट असतो, एकूण पगाराच्या नव्हे. महिन्याचे २०८ तास धरून ६,७०० ला भागले आणि दुप्पट केले की तासाला ६४ टका येतात. एकूण पगारावर धरले असते, तर १२० आले असते. रोज दोन तास याप्रमाणे २६ दिवस जादा काम केले, तर बरोबर ३,३५० टका मिळतात, म्हणजे पावतीवरील घरभाड्याइतकेच. हे गणित मी उत्तराच्या खोलीत दोनदा करून पाहिले. ज्या हेल्पर मुलीने मला पावती दाखवली, तिच्या पत्र्याच्या खोलीचे भाडे ४,००० टका होते.

हे जादा तास येतात कुठून, तेही पाहायला मिळाले. चौथ्या आठवड्यात एका ऑर्डरच्या कॉलरचा नमुना ग्राहक कंपनीने आठ दिवस उशिरा मंजूर केला, पण चट्टग्राम बंदरातील जहाजाची तारीख तीच राहिली. तारीख चुकली, तर माल विमानाने पाठवण्याचा खर्च कारखान्याच्या माथी येतो. ते आठ दिवस कुठून तरी भरून काढायचे होते आणि ते रात्री नऊपर्यंत चाललेल्या लाइनमधून निघाले. त्या रात्रींची नोंद हजेरीत होती आणि पैसेही दिले गेले. नमुना उशिरा मंजूर करणाऱ्याचे नाव मात्र कोणत्याच वहीत नव्हते. ऑर्डरची तारीख, नमुना मंजुरीची तारीख आणि माल रवाना होण्याची तारीख या तीन तारखा मिळतील तिथे टिपून घ्याव्यात आणि हजेरीपुस्तकाशेजारी ठेवून पाहाव्यात. आमच्या महाविद्यालयाने दिलेल्या प्रश्नावलीत या तारखांना जागाच नव्हती. त्यात पाळणाघर आहे काय, पिण्याचे पाणी आहे काय, असे प्रश्न होते आणि त्या सर्वांची उत्तरे ‘होय’ अशी आली.

माझे नेमून दिलेले काम वेळमोजणीचे होते. स्टॉपवॉच घेऊन कारागिराच्या मागे उभे राहायचे आणि दहा वेळा मोजून सरासरी काढायची. कॉलर जोडणाऱ्या आपाचा हात मी उभी राहिले की संथ व्हायचा आणि मी दूर गेले की पुन्हा धावू लागायचा. मला वाटले की ती लाजते आहे. जेवणाच्या सुट्टीत तिनेच सांगितले की, आज तू जे सेकंद लिहिशील ते उद्या फळ्यावर उद्दिष्ट म्हणून येतील. वेळ मोजली गेली की मजुरी न्याय्य होते अशी काहीशी भोळी समजूत घेऊन मी पुण्याहून निघाले होते. परतल्यावर मावशीने घड्याळ लावायला नकार दिला, तेव्हा मी आग्रह केला नाही.

आणखी काही व्यावहारिक गोष्टी सांगते. पहिल्याच दिवशी मी कटिंग टेबलावर कापडाचे थर मांडतानाचा फोटो काढला आणि तो पुसावा लागला, कारण टेबलावर पुढच्या हंगामाचे कापड होते. फोन खोलीवर ठेवून छोटी वही नेलेली बरी. मऊ तळव्याच्या चपला घ्याव्यात, दहा तास उभे राहावे लागते. बाकरवडी नेणार असाल, तर ऑफिसपुरती नेऊ नका. आमच्या लाइनवर ६० जण होते आणि मी नेलेली दोन पाकिटे व्यवस्थापकांच्या टेबलावरच संपली. कापडाचे नमुने आणायचे असतील, तर ते विक्रीसाठी नाहीत असे कारखान्याच्या कागदावर लिहून घ्यावे, विमानतळावर विचारणा होते.

वहीत कोणाचेही नाव लिहू नये. शेवटच्या दिवशी अनुपालन विभागाच्या, म्हणजे नियम पाळले जातात की नाही ते पाहणाऱ्या विभागाच्या, अधिकाऱ्यांनी सौजन्यानेच, पण माझ्या नोंदी पाहायला मागितल्या आणि त्यांना तो अधिकार होता. मी सुरुवातीपासून मशीनचे क्रमांकच लिहीत आले होते. तरी आदल्या रात्री उत्तराच्या खोलीत वही चाळताना एका पानावर ‘भोला जिल्ह्यातून आलेली, डाव्या हाताची, पावती हिने दाखवली’ असे माझेच अक्षर सापडले. लाइनमध्ये डावखुरी एकटीच होती. आकडे दुसऱ्या पानावर उतरवून मी ते पान फाडले.