‘वाँट’ म्हणजे उणं पडणं

रामबागेतल्या आमच्या घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेच्या फाटकाच्या आत इंग्रजी. १९८०च्या दशकात इंदूरच्या आम्हा मराठी मुलांची जीभ दिवसातून तीनदा वळायची. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसले आणि आठवला तो सातवीतला इंग्रजीचा तास.

व्याकरण होतंच. काळ, कर्मणी प्रयोग, मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज, पावसाळ्यावर निबंध. ते परीक्षेपुरतं झालं. भाषा मात्र मिसनी शिकवली ती सकाळच्या प्रार्थनेतून. असेंब्लीत आम्ही बायबलमधलं तेविसावं स्तोत्र म्हणायचो, १६११ सालच्या जुन्या इंग्रजी भाषांतरातलं: ‘द लॉर्ड इज माय शेपर्ड, आय शॅल नॉट वाँट.’ सगळ्यांना तोंडपाठ होतं. एके दिवशी मिसनी अर्थ विचारला. पुढच्या बाकावरून उत्तर आलं, ‘देव माझा मेंढपाळ आहे, मला तो नको.’ बाकीच्यांनी माना डोलावल्या, कारण ‘वाँट’ म्हणजे ‘पाहिजे’ एवढंच आम्हाला माहीत.

मिस रागावल्या नाहीत. त्यांनी आमच्याच रजेच्या अर्जातला ‘फॉर वाँट ऑफ टाइम’ फळ्यावर लिहिला. वेळ ‘पाहिजे’ म्हणून की वेळ ‘नाही’ म्हणून? मग उलगडलं. ‘वाँट’चा जुना अर्थ कमी पडणं, आणि तो त्या अर्जात अजून जिवंत होता. आम्ही इतके दिवस तो न कळता लिहीत होतो.

मेंढपाळ समजावून सांगायची गरजच पडली नाही. होळकरांच्या गावातली मुलं आम्ही, धनगर कोण हे ठाऊक होतं. महूकडून येणाऱ्या मुलांनी तर दिवाळीनंतर मारवाडातून माळव्यात उतरणारे रेबारी मेंढपाळ, त्यांचे उंट आणि रस्ता अडवून चालणाऱ्या मेंढ्या पाहिलेल्या. स्तोत्रात ‘रॉड’ आणि ‘स्टाफ’ असे दोन शब्द का, हे मिसनी विचारलं तेव्हा त्यातल्याच एकाने सांगितलं की एक काठी लांडग्यासाठी आणि दुसरी वाट चुकलेल्या मेंढीला वळवायला. पूर्ण वर्ग त्याच्याकडे वळून बघत होता.

त्याच ओळीत त्याआधी ‘दाऊ आर्ट विथ मी’ येतं. हे ‘आर्ट’ कलेचं नाही, ‘आहेस’ आहे. आणि ‘दाऊ’ म्हणजे ‘तू’. पूर्वी इंग्रजीत एकाशी बोलताना ‘दाऊ’ आणि अनेकांशी ‘यू’ असे. मग एकट्यालाही आदराने ‘यू’ म्हणू लागले आणि ‘दाऊ’ मागे पडला. मिसनी विचारलं, घरी आईला काय म्हणता? तू. बाबांना? तुम्ही. आणि पांडुरंगाला? ‘तू!’ मिस म्हणाल्या, मग इंग्रजी प्रार्थनेतलाही तोच. ‘यू’ने सगळ्यांना एका रांगेत बसवणाऱ्या भाषेत कधीकाळी आपल्यासारखाच ‘तू’ होता, याचा मला फार आनंद झाला होता. हल्ली मुलं उच्चार फोनवर ऐकून बरोबर करतात, आणि ते चांगलंच आहे. पण असा एखादा तास, एकाच वाक्यापाशी थांबलेला, वेळापत्रकात राहू द्यावा, एवढी माझी आपल्या शिक्षकांना मनापासून विनंती.

त्या संध्याकाळी आजीला मी स्तोत्र मराठीत करून सांगितलं. ‘मला काही कमी पडणार नाही,’ असं म्हटल्यावर ती दिव्याची वात सारता सारता थांबली. ‘कमी काय गं, उणं म्हण. देवापाशी उणं पडत नाही.’ मी वहीत खोडून ‘उणं’ लिहिलं.

पुढे इंदूरच्याच ख्रिश्चन कॉलेजात शिकले. कॅनडाहून आलेल्या मिशनऱ्यांनी १८८७ साली सुरू केलेलं ते. त्या वर्षांत कधीतरी मराठी बायबल हाती आलं आणि मी आधी तेविसावं स्तोत्रच काढलं. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.’

घरी येऊन आजीला वाचून दाखवलं. तिने पुन्हा एकदा वाचायला लावलं, आणि म्हणाली, ‘भाषांतर करणाऱ्यांनी आधी घरात म्हाताऱ्या माणसाला विचारलेलं दिसतंय.’